उतरलेला गंधार

माझी सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. नांदेड आणि लातूर, या दोन जिल्ह्यांच्या बाहेर मला कधी जावं लागलं नाही. आठवडी बाजारात जायचं, काटे तपासायचे, पारड्याखाली चिकटवलेली चिंच नाहीतर दोरीला बांधलेला खडा शोधून काढायचा, आणि जे वजन खरं असेल त्यावर शिक्का मारायचा. हे काम इतकी वर्षं केलं की घरी बायको कणीक मळायला बसली तरी माझी नजर तिच्या मापावर जायची. ती म्हणायची, "साहेब, इथं धाड टाकू नका." पण स्वभाव तसाच होऊन बसला. बरोबर ते बरोबर, चूक ते चूक. या दोहोंच्या मध्ये काही असू शकतं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

दुसरं वेड गाण्याचं. गळा बेताचा, पण पेटी बरी वाजवतो. तरुणपणी गाण्याच्या परीक्षा दिल्या, त्यांची प्रमाणपत्रं अजून भिंतीवर आहेत. निवृत्त झाल्यावर आम्ही काही जणांनी ठरवलं की जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन मुलांना गाणं शिकवायचं. या शाळांत गणिताला शिक्षक मिळतो न मिळतो, गाण्याला कुठून मिळणार? कुणी हिमायतनगरकडची शाळा घेतली, कुणी किल्लारीकडची. मी जळकोटकडची घेतली, कारण माझी मुलगी उदगीरला दिलेली आहे. शुक्रवारी नांदेडहून निघून तिच्याकडे मुक्काम करायचा आणि शनिवारी सकाळच्या बसनं शाळेचं गाव गाठायचं. शनिवारची शाळा सकाळचीच असते. प्रार्थना झाली की मोठ्या वर्गातली मुलं माझ्या ताब्यात.

शाळेत पेटी नव्हती. पहिले दोन शनिवार मी हातानं ताल देत, घसा फोडत शिकवलं. तिसऱ्या शनिवारी व्हरांड्यात एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. पायाशी जुन्या साडीत गुंडाळलेलं मोठं गाठोडं. मुख्याध्यापक बाईंनी लगबगीनं खुर्ची आणली, पण ती बसली नाही. मला म्हणाली, "जयभीम साहेब. ही पेटी हाय. आमच्या मालकाची."

तिचा आवाज घोगरा होता, अर्धा शब्द हवेतच विरायचा. तिचे मालक याच शाळेत शिपाई होते, हे मला बाईंनी नंतर सांगितलं. दिवसा शाळेची घंटा वाजवायची आणि संध्याकाळी गायनपार्टी घेऊन जयंतीच्या, पौर्णिमेच्या कार्यक्रमांना गावोगाव हिंडायचं, असं त्यांचं आयुष्य. ते पेटीवर आणि ही गायला. पंचक्रोशीत तिला सगळे आक्का म्हणत. शाळेत मुलं अजून जे गाणं म्हणतात तेसुद्धा मालकांनीच रचलेलं, चालही त्यांचीच. आक्कांच्या गळ्यात गाठ झाली, लातूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला पण गाणं गेलं. त्यानंतर वर्षभरात मालक गेले.

गाठोडं सोडताना आक्का म्हणाल्या, "ही त्यांनी माझ्या गळ्यावर लावलेली हाय. भात्याला उंदीर लागू देऊ नका. अन् शनवारी मला बाहेर बसून ऐकू द्या. बस, दुसरं काई न्हाई."

मी "हो हो" म्हणालो. गळ्यावर लावलेली हे शब्द मी ऐकले, पण बायका नवऱ्याच्या वस्तूचं कौतुक करतात तसं ते कौतुक मी समजलो. पेटी मिळाली याचाच आनंद इतका होता की बाकी काही डोक्यात शिरलं नाही.

त्या दिवसापासून आक्का दर शनिवारी यायच्या. व्हरांड्यातल्या दुसऱ्या खांबाला टेकून बसायच्या. कधी शेंगा सोलायच्या, कधी नुसत्याच. मुलं शाळेचं गाणं म्हणू लागली की हातातलं काम थांबायचं. त्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द गंधारावर थांबतो. गंधार म्हणजे सा रे ग मधला ग. तो शब्द लांबवायचा आहे, चांगला श्वासभर. तिथं आल्यावर आक्का डोळे मिटायच्या. मला वाटायचं, म्हातारं माणूस, सकाळचं ऊन, डोळा लागत असेल.

माझं दुखणं वेगळंच होतं. तो गंधार मला खुपायचा. मुलं तो जरा खाली लावत, आणि पेटीही खालीच वाजे. फार नाही. सामान्य माणसाच्या लक्षात येणार नाही इतकाच. पण पारड्याखालची चिंच ओळखणारा माणूस मी. मी मोबाईलमध्ये सूर तपासायचं अॅप घेतलं. सूर बरोबर असला की हिरवा दिवा लागतो, चुकला की काटा डावीकडे किंवा उजवीकडे जातो. पेटीचा गंधार वाजवला की काटा डावीकडे. दर वेळी तेवढाच डावीकडे. मी मनाशी म्हटलं, सापडला खडा.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी पेटीचा एक सूर अडकायला लागला. दुरुस्तीला न्यावीच लागणार होती. मी आक्कांना सांगितलं, त्या म्हणाल्या, "न्या की, पर लवकर आणा." पेटी मी नांदेडला नेली. इतवाऱ्यात एका मिस्त्रीचं दुकान आहे. आजोबांपासून त्यांच्या घरात हेच काम. गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनाच्या पेट्या, भजनी मंडळांच्या पेट्या, सगळ्या त्यांच्या हाताखालून जातात. मिस्त्रींनी झाकण उघडलं, आतल्या पितळी पट्ट्यांवर, म्हणजे रीडांवर, फुंकर मारली आणि एकेक सूर दाबून बघितला. मग गंधार पुन्हा एकदा दाबून बघितला.

"अडकलेला सूर आता काढून देतो," ते म्हणाले. "दुसरं काय?"

"दुसरं म्हणजे सगळे सूर या मोबाईलप्रमाणे बरोबर करून द्या. हा गंधार तर साफ उतरलेला आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "साब, उतरलेला नाई हा. कुणीतरी कुणाच्यातरी गळ्यावर लावलेली पेटी हाय ही. ब्लेडनं घासलेली हाय, बघा, लई प्यारसे घासलेली. पूछको आए क्या?"

मी चिडलो. मला कुणी प्रश्न विचारला की चिडायची सवय खात्यानं लावली आहे. म्हटलं, "मिस्त्री, गळ्यागळ्याला सूर वेगळा असतो का? किलो म्हणजे किलो. जळकोटात वेगळा आणि नांदेडात वेगळा असा किलो असतो का?"

ते म्हणाले, "तुमची मर्जी." बाकीचे सूर जागेवरच निघाले, घासावा लागला तो गंधारच.

रीड टोकाकडून खरवडली की सूर चढतो, बुडाकडून खरवडली की उतरतो. दोन्हीकडून जातं ते पितळच, आणि गेलेलं पितळ परत चिकटत नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेच्या पुस्तकात होतं. तरी मी त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून, एकेका सुराला हिरवा दिवा लागताना बघून, मान डोलावत होतो. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

सुट्टी संपल्यावरचा पहिला शनिवार. आक्का माझ्याआधीच खांबापाशी येऊन बसल्या होत्या. मी पेटी उघडली, सूर धरला, मुलं उभी राहिली. शाळेचं गाणं सुरू झालं. तिसऱ्या ओळीला मुलांचा गंधार नेहमीसारखा खाली आणि पेटीचा आता वर, त्यामुळे दोन आवाज एकमेकांना घासले. मी हात थांबवून ओरडलो, "उतरतोय! पेटीकडे लक्ष द्या!" पुन्हा म्हणायला लावलं, मग पुन्हा. चौथ्या वेळी मी वर बघितलं तर खांब मोकळा होता. आक्का फाटकातून बाहेर पडत होत्या. शेंगांचं टोपलं तिथंच राहिलं होतं.

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. थंडीचे दिवस, तब्येत बरी नसेल म्हणून तिसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर टोपलं घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्यांचं घर. त्यांनी बसायला सतरंजी टाकली, चहा केला. काळा चहा, गूळ जास्त. तो पिऊन झाल्यावर त्यांनी कप उचलून बाजूला ठेवले.

मग म्हणाल्या, "साहेब, पेटीला काय केलंत?"

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, समजावून सांगितलं. मोबाईल काढला, अॅप उघडलं, हिरवा दिवा कसा लागतो ते दाखवलं. आधी काटा कुठं असायचा आणि आता कुठं असतो ते बोटानं दाखवलं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या, मी बोलत राहिलो. गावातल्या दुकानदाराला दंडाची पावती देताना मी ज्या आवाजात बोलायचो, तोच आवाज लागला होता.

माझं झाल्यावर त्या म्हणाल्या, "दर साली जयंतीच्या आधी ते पेटी खोलायचे. मला म्हणायचे, तिसऱ्या ओळीतला 'ग' लाव. मी चुलीपाशी बसून 'ग' लावायचे. ते ब्लेडचा तुकडा घेऊन घासायचे, दाबायचे, परत घासायचे. अजून लाव म्हणायचे. मी लावून बसायचे अन् इकडं भाजी करपायची. भाजी करपली की म्हणायचे, आता बसला सूर." त्या थोडं हसल्या. "पुढं त्यांचा डावा हात गेला, वाऱ्यानं. मग समोर बसून भाता मी मारायचे अन् ते एका हातानं वाजवायचे. माझा गळा गेला तरी ते म्हणायचे, तुझा गळा कुठं जातो, पेटीत हाय की."

मी मोबाईल सतरंजीवर पालथा ठेवला.

"ते बी गेले, गळा बी गेला," आक्का म्हणाल्या. "पेटीत थोडं ऱ्हायलं हुतं. शनवारी ऐकून यायचे. दुसरं काय हाय मला."

त्या मला एक शब्द वेडावाकडा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सवयीनं उलट बोललो असतो, आणि थोडं हलकं वाटलं असतं. त्यांनी टोपलं आत नेऊन ठेवलं, दारापर्यंत पोचवायला आल्या आणि "गाडी हाय का आता?" म्हणून विचारलं. गाडीला अजून तासभर अवकाश होता. मी स्टँडवर सिमेंटच्या बाकावर बसून रडलो. वयाला न शोभणारी गोष्ट आहे, पण घडली ती लिहितो.

सोमवारी मी मिस्त्रींच्या दुकानात होतो. सगळं सांगितलं. त्यांनी "मी म्हणलो होतो" असं म्हटलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "बुडाकडून घासून सूर परत उतरवता येतो साब. पण कुठवर उतरवायचा? ते सांगणारा माणूस गेला, गाणारीचा गळा गेला. पितळ माझ्या हातात हाय, कान कुठून आणू?"

जुनं काही रेकॉर्डिंग आहे का ते आम्ही शोधलं. गायनपार्टीची एक कॅसेट होती म्हणे, ती कुणाच्या तरी लग्नात गेली ती गेलीच. मुख्याध्यापक बाईंच्या मोबाईलमध्ये पंधरा ऑगस्टचं गाणं होतं, त्यात भोंग्याची शिट्टी जास्त आणि पेटी कमी. काटा किती डावीकडे होता, तेही मी कधी लिहून ठेवलं नव्हतं. आयुष्यभर प्रत्येक तपासणीचा कागद केला आणि हीच एक नोंद केली नाही.

त्या शनिवारी मी शाळेत पेटी उघडलीच नाही. शिकवायची इच्छा नव्हती. मुलांना म्हटलं, तुमचं तुम्ही शाळेचं गाणं म्हणा, आणि मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. मुलं गायला लागली. पेटी नाही, मी नाही, रागवायला कुणी नाही. तिसरी ओळ आली आणि गंधार जिथं पूर्वी पडायचा तिथं पडला.

मी वळून बघितलं. पुन्हा म्हणायला लावलं. या वेळी मी मोबाईल बाहेर काढला. काटा डावीकडे. पाचवीची मुलं इकडंतिकडं होत होती, त्यांच्यावर माझ्या तीन आठवड्यांच्या ओरडण्याचा परिणाम झाला होता. पण सातवीच्या मुली, ज्या दीड वर्ष त्या पेटीबरोबर गायल्या होत्या, त्या सगळ्या एका जागी होत्या. ज्याला मी चूक म्हणून झोडपत होतो तेच त्यांच्या गळ्यात शाबूत राहिलं होतं. अजून एक महिना मी शिकवलं असतं तर तेही गेलं असतं.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "पेटी पाठवू नका. मीच येतो. हात माझा लागलाय."

पुढच्या शनिवारी ते माझ्याबरोबर आले. खांद्याला पिशवी, पिशवीत पेचकस, कानस, ब्लेडचे तुकडे. मी आक्कांच्या दारावर जाऊन एवढंच म्हणालो, "एकदा या." त्या आल्या, पण खांबापाशी बसल्या नाहीत, फाटकाजवळ उभ्या राहिल्या.

मिस्त्री वर्गाच्या मधोमध फरशीवर बसले. पेटीचं पोट उघडलं. सातवीच्या मुली भोवती गोल करून बसल्या. मी सा दिला आणि म्हटलं, तिसरी ओळ म्हणा, शेवटच्या शब्दावर थांबा, सोडू नका. मुलींनी गंधार धरला. मिस्त्री ऐकत होते, डोकं खाली, एक हात वर केलेला. मग रीड बुडाकडून दोनदा खरवडली, बसवली, पट्टी दाबली. मान हलवली. "फिर से, बेटा." पुन्हा गंधार, पुन्हा ब्लेड. एकीचा श्वास संपला की दुसरी धरायची. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी एकही मूल उठलं नाही. खिचडी शिजवणाऱ्या बाईसुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या. मी मोबाईल बंद करून खिशात ठेवला होता.

शेवटी मिस्त्रींनी ब्लेड खाली ठेवलं. मुलींचा आवाज आणि पेटीचा आवाज एक झाला होता, कुठला कुणाचा कळत नव्हता. सगळ्यांनी फाटकाकडे बघितलं. आक्का आत आल्या.

"तेच हाय का आक्का?" मी विचारलं.

त्यांनी स्वतः पट्टी दाबली. एकदा, मग पुन्हा. "जवळ आलं," त्या म्हणाल्या.

"तेच का?"

"न्हाई. पर जवळ आलं."

मिस्त्री पुढं झुकले. "अजून थोडं घासू?"

आक्कांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "नका. पितळ सरंल. आता हे लेकरांचं हाय, ऱ्हाऊ द्या."

माझी चूक भरून निघाली असं मी म्हणत नाही. जे गेलं ते एका माणसानं एका बाईसाठी चुलीपाशी बसून वर्षानुवर्षं घासून केलेलं होतं, आणि ते माझ्या हेक्यामुळे गेलं. मी आक्कांची माफी मागितली तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

पण त्या पुन्हा दर शनिवारी यायला लागल्या. आता खांबापाशी बसत नाहीत. आत येतात, पेटीच्या पलीकडे, भात्याच्या बाजूला बसतात, जिथं त्या मालकांसमोर बसायच्या. पट्ट्यांवर सातवीतली एक मुलगी असते, भाता आक्कांच्या हातात. मी मागं उभा राहून ताल देतो.

तिसऱ्या ओळीला गंधार येतो तेव्हा आक्का कान देऊन ऐकतात, आणि ऐकताना त्यांचा भात्यावरचा हात क्षणभर थांबतो. पेटीचा आवाज तेवढ्यापुरता खाली बसतो, मग पुन्हा उठतो. यंदा पाचवीत आलेल्या मुलांनी मालकांना पाहिलेलं नाही, आक्कांचं गाणं ऐकलेलं नाही, माझी करणीही त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं, चालच तशी आहे. तिथं आली की तीही सगळी एक क्षण थांबतात आणि मग पुढं गातात. मी त्यांना दुरुस्त करत नाही.